मावशी म्हणतात "कुणाला सांगू नकोस". मग मी काय करू?

शब्बाथशाळेची_बाई यांचा प्रश्न

सर्वांना सलाम. लांबलं आहे, सांभाळून घ्या. नावं आणि जागा मुद्दाम लिहीत नाही. कुणी ओळखलंच, तर कृपा करून इथे लिहू नका.

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (बायबल शिकवण्याचा वर्ग) घेते. शिवाय प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी, ज्यांना उपासनेला येणं जमत नाही अशा चार घरी पाळकसाहेबांबरोबर जाते. त्यातल्या एका घरी एक मावशी आहेत. वय ८१. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. डोळ्यांना अंधुक दिसतं, कानाला मशीन. डोकं मात्र शाबूत. ७१ वं स्तोत्र सबंध पाठ आहे. वाचताना माझा एक शब्द इकडचा तिकडे झाला की हात वर करतात.

दीड वर्षापूर्वी त्यांचा पुतण्या बायकोसह त्यांच्याकडे राहायला आला. आम्हा सगळ्यांना बरंच वाटलं, म्हातारपणी आधार झाला म्हणून. हा पुतण्या आमच्या मंडळीत 'वडील' आहे, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक, खजिनदारही तोच. प्रार्थना अशी करतो की मागच्या बाकावरचे लोकसुद्धा डोळे टिपतात.

पहिल्यांदा खटकलं ते कानाचं मशीन. "बिघडलंय, दुरुस्तीला टाकलंय." ठीक. पुढच्या महिन्यात तेच उत्तर, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. चार महिने झाले. धड दिसत नाही आणि आता ऐकूही येत नाही, तेव्हा प्रार्थना चालू असताना त्या आमच्या ओठांकडे बघत बसतात. मग फोन गेला. "त्यांना बटणं दाबता येत नाहीत." मग त्यांची खुर्ची पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेली.

गेल्या वेळी पाळकसाहेब दारात पुतण्याशी हिशेबाचं काहीतरी बोलत थांबले आणि मी मावशींजवळ पाचेक मिनिटं एकटी होते. त्यांनी माझा हात धरला आणि हळू म्हणाल्या, "सही घेतली गं माझी. कसला कागद, वाचून नाही दाखवला. पेन्शन येते ना अजून?" मनगटाच्या वर काळेनिळे डाग होते. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी बाही खाली ओढली. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. तो गेला तर मला कोण बघणार?"

परत येताना मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, घरातली बाब आहे, एका बाजूचं ऐकून चालत नाही. आणि वडिलावर दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप दाखल करून घेऊ नये, असं शास्त्रच सांगतं. आपण प्रार्थना करू. पाळकसाहेब माणूस वाईट नाहीत हो. पण मंडळीच्या इमारतीच्या दुरुस्तीचा सगळा हिशेब त्या खजिनदाराच्या हातात आहे, आणि दोघांची रोज ऊठबस आहे.

त्या रात्री मी बायबलमधला मार्क १२ काढून बसले. विधवांची घरं गिळतात आणि ढोंगाने लांबलांब प्रार्थना करतात, ते शास्त्री. वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली, की मी एका माणसाबद्दल पुराव्याशिवाय असं मनात आणते आहे. मग नीतिसूत्रे ३१ उघडलं. मुक्यांसाठी तू तोंड उघड. पण मावशी मुक्या कुठे आहेत? त्या बोलल्या की. आणि बोलल्या ते हेच, की बोलू नकोस.

तर माझा प्रश्न असा आहे. गप्प बसले तर जखमी माणूस दिसूनही रस्त्याच्या पलीकडून निघून गेलेल्या, येशूच्या दाखल्यातल्या त्या लेव्यात आणि माझ्यात फरक काय? आणि बोलले, तर ज्या बाईने माझ्यावर विश्वास टाकला, तिचाच शब्द मोडला. कुणाला असा प्रसंग आलाय का?

---

बरनबा_७

ताई, तुमची तळमळ पोहोचली. पण शास्त्राने मार्ग घालून दिला आहे. मत्तय १८:१५. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडे जा. तुम्ही पुतण्याकडे न जाता थेट पाळकांकडे गेलात, हीच चूक झाली. आता तरी त्याच्याशी प्रेमाने बोला. नाही ऐकलं तर दोघातिघांना घेऊन जा. आणि काही झालं तरी बाहेर जाऊ नका. १ करिंथ ६ मध्ये प्रेषित पौल स्पष्ट सांगतो, भावाभावांचे तंटे अविश्वासी लोकांपुढे नेऊ नयेत. अशा गोष्टींनी मंडळ्या फुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणखी एक. पुतण्याची बाजू कुणी ऐकली का? म्हाताऱ्या माणसाचं रोजचं करणं सोपं नसतं. महिन्यातून एकदा अर्धा तास भेटणाऱ्यांना ते दिसत नाही.

---

वॉर्ड_नंबर_सहा

बरनबा, तुमचा शेवटचा परिच्छेद बरोबर आहे, बाकीचं कृपा करून करू नका. ताई, पुतण्याशी एकट्याने बोलायला जाऊ नका. मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे, आणि नोकरीची निम्मी वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काढली आहेत. समोरच्याला कळलं की पेशंटने तोंड उघडलंय, की पहिली गोष्ट होते ती म्हणजे भेटी बंद. दुसरी, कागद जागेवरून हलतात. तिसरी तुम्हाला दिसत नाही, कारण तोवर तुम्ही दाराबाहेर असता.

आता डागांबद्दल. लगेच मारहाण असं धरू नका. या वयात कातडी कागदासारखी होते. हाताच्या मागच्या बाजूला आणि कोपराखाली नुसत्या धक्क्याने जांभळे डाग पडतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारूच नका. मला जास्त काळजी वाटते ती दंडाच्या आतल्या बाजूला, बोटांच्या ठशांसारखे डाग असले तर. किंवा दोन्ही हातांवर सारखे, किंवा नवे-जुने एकत्र. तुम्ही मनगटाच्या वर लिहिलंय. ते दोन्हीकडचं असू शकतं.

पण ताई, डाग बाजूला ठेवले तरी तुमच्या यादीत पुरेसं आहे. मशीन गेलं, फोन गेला, खुर्ची मागे गेली, कागद वाचून न दाखवता सही झाली, पेन्शनचा पत्ता नाही. माणसाला एकटं पाडण्याची हीच चढती पायरी असते. आणि हे क्वचित घडतं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की ६० च्या पुढच्या दर ६ माणसांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. त्यात पैशांचा आला, बोलण्यातला आला, आणि नुसतं दुर्लक्षही आलं. करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

आजच एक वही करा. तारीख, वेळ, खोलीत कोण होतं. मावशींचे शब्द जसेच्या तसे, "सही घेतली गं माझी", त्यातला "गं" सुद्धा. मला काय दिसलं ते एका पानावर, मला काय वाटलं ते दुसऱ्या पानावर. ही दोन पानं मिसळू देऊ नका, पुढे सगळं त्याच्यावर अडतं.

पुढच्या वेळी एकटीने बोलायला मिळेल असं बघा. बायकांची प्रार्थना आहे म्हणा, काहीही म्हणा, पण खोटं न बोलता जमवा. आणि त्यांना प्रश्नांच्या फैरीत धरू नका. "मागच्या वेळी तुम्ही सहीचं म्हणालात, त्यावर मी विचार करत होते" एवढं म्हणून थांबा. थांबणं जमलं पाहिजे, आपल्या लोकांना तेच जमत नाही. आपण लगेच वचन सांगायला लागतो.

"मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कधीच. "तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, पण जिवाला धोका दिसला तर थांबणारही नाही" हे सांगा. हे खरं आहे आणि पाळता येतं. तसा धोका दिसला, उपाशी ठेवलंय, कोंडलंय, औषध बंद केलंय, तर मग पोलीस आणि डॉक्टर, त्याच दिवशी. तिथे समितीची वाट बघायची नाही.

पुतण्या दमलेला असू शकतो, हे बरनबांचं म्हणणं मी मनावर घेते. दमून चिडलेली कितीतरी लेकरं मी पाहिली आहेत, वाईट नव्हती. पण दमलेला माणूस मदत मागतो. कानाचं मशीन काढून घेत नाही.

---

जुना_पाळक

मी चार मंडळ्यांत पाळक होतो. तुमच्या पाळकांनी सांगितलेलं वचन मीही एकेकाळी असंच वापरलं आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो.

१ तीमथ्य ५:१९. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावर आरोप दाखल करून घेऊ नये. बरोबर. पण तो अध्याय वरपासून वाचा. ३ ऱ्या ओवीपासून (म्हणजे वचनापासून) १६ व्या ओवीपर्यंत सगळं विधवांबद्दल आहे. ८ वी ओवी म्हणते की जो घरच्यांची तरतूद करत नाही, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. आणि १९ च्या पुढे २० आहे, जे पाप करतात त्यांचा सर्वांसमोर दोष दाखव. २१ आहे, पक्षपात करू नको. मधली एक ओवी उचलली की ती ढाल होते, आणि ढालीमागे नेहमी ज्याच्या हातात किल्ल्या असतात तोच उभा राहतो.

शिवाय दोन साक्षीदार लागतात ते दोषी ठरवायला. ऐकून घ्यायला नव्हे. साक्षीदारांचा नियम येतो त्याच ठिकाणी, अनुवाद १९ मध्ये, न्यायाधीशांनी बारकाईने चौकशी करावी असंही आहे. चौकशी केली नाही तर दुसरा साक्षीदार सापडणार कुठून? बंद घरात साक्षीदार असतात तरी किती?

मत्तय १८ बद्दल बरनबांना. तोच अध्याय लहानांपासून सुरू होतो. जो या लहानांतल्या एकाला अडखळवतो, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवणं बरं, ही ६ वी ओवी. मग हरवलेलं मेंढरू. मग कुठे १५ वी. तीसुद्धा बरोबरीच्या भावाची गोष्ट आहे. ८१ वर्षांच्या, दिसत नाही-ऐकू येत नाही अशा बाईने, ज्याच्या हातात तिचं जेवणखाण आहे त्याच्यापाशी एकांतात जाऊन त्याचा अपराध दाखवावा, असं प्रभूला अभिप्रेत होतं असं मला वाटत नाही.

आणि १ करिंथ ६ वरून पोलीस नकोत म्हणणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये २३ वाचावं. पौलाला ठार मारायचा कट शिजला तेव्हा तो कुणी फोडला? त्याच्या बहिणीच्या मुलाने. आणि पौलाने त्या पोराला "प्रार्थना कर" म्हणून घरी नाही धाडलं, रोमी सरदाराकडे धाडलं. पुतण्यांच्या गोष्टीत हा भाचा मला नेहमी आठवतो.

प्रार्थना करू म्हणणाऱ्या पाळकांबद्दल मी कठोर बोलणार नाही, कारण मी तोच होतो. एक बहीण माझ्याकडे आली होती, नवऱ्याबद्दल सांगायला. नवरा आमच्या समितीत. मी तिचं पाऊण तास ऐकलं, तिच्याबरोबर प्रार्थना केली, आणि नवऱ्याला बोलावून चांगला खडसावला. मला वाटलं, काम झालं. याजक एलीनेही आपल्या मुलांना खडसावलंच होतं. १ शमुवेल २ मध्ये तो मुलांना बोलतो, असलं कसं करता म्हणतो. आणि पुढच्या अध्यायात देव त्याला दोष देतो तो बोलला नाही म्हणून नव्हे, आवरलं नाही म्हणून. ती बहीण नंतर आमच्याकडे यायची बंद झाली. दुसऱ्या मंडळीत दिसते कधीतरी. सलाम करते. मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

व्यवहाराचं एकच सांगतो. खजिनदाराची चौकशी त्याच समितीने करायची नसते. पाळकांना लेखी द्या, तारखेसह, आणि मंडळीच्या वरच्या पातळीवर जो कुणी असेल त्याला प्रत द्या. प्रेषित ६ ची विधवांची तक्रार आठवा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी "मंडळीची ऐक्यता बिघडते" म्हणून ती दाबली नाही. सात माणसं नेमायला लावली. नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळीच्या सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर बसवली. अन् पुढच्याच काही ओव्यांत लिहिलंय, शिष्यांची संख्या फार वाढली. मंडळी फुटली नाही.

---

शब्बाथशाळेची_बाई

दोघांचेही आभार. वही केली. पहिल्या पानावर साडेतीन ओळी झाल्या, "मला वाटलं" च्या पानावर दीड पान. तेवढ्यानेच बरंच कळलं.

पण एका गोष्टीचं उत्तर अजून मिळालं नाही. त्या "नको" म्हणाल्या. लहान मूल असतं तर मी कुणाचं ऐकलं नसतं, सरळ गेले असते. पण मोठ्या, समजत्या बाईने नको म्हटलं, तर मला अधिकार काय?

---

खुणांची_भाषा

मला जन्मापासून ऐकू येत नाही. उपासनेत नीतिसूत्रे ३१:८ वाचलं जातं तेव्हा शेजारचे लोक माझ्याकडे वळून बघतात. मुक्यांसाठी तोंड उघड. मी मुका नाही. तुम्हाला माझी भाषा येत नाही, एवढंच.

माझ्यासाठी लोकांनी खूप तोंडं उघडली आहेत. शाळेत कुठल्या घालायचं, नोकरी कुठली झेपेल, लग्न करावं का. सगळं माझ्यासमोर, माझ्या डोक्यावरून, प्रेमाने. एकदा मंडळीत माझ्या बाजूने एक भाऊ इतका तावातावाने भांडला की सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. तो काय मागत होता ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मला ते नकोच होतं.

म्हणून मावशी "नको" म्हणाल्या तर आधी विचारा, कशाला नको? त्यांनी स्वतःच सांगितलंय. "तो गेला तर मला कोण बघणार?" त्या छळाला हो म्हणत नाहीयेत. एकटं पडायला नको म्हणताहेत. तुम्ही दोन्ही एकच धरलंत. त्यांना दुसरं कोण बघेल, याचं काही उत्तर घेऊन गेलात, तर "नको" तेच राहील का, बघा. राहिलं तर तोही त्यांचा हक्क. मोठ्या माणसाला चुकीचं ठरवायचाही हक्क असतो. तुमचं काम एवढंच, की त्यांना ठरवण्यासाठी लागणारं सगळं त्यांच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. त्या कागदावर काय आहे, पेन्शन कुठे जाते, केलेलं मुखत्यारपत्र (आपल्या वतीने दुसऱ्याला व्यवहार करू देणारा कागद) मागे घेता येतं. हे माहीत नसताना दिलेला "नको" पुरा नसतो.

यिर्मया ३८ मधला एबद-मलेख आमच्या गटाचा आवडता माणूस आहे. परका, कूशी (कूश देशाचा), राजवाड्यातला नोकर. यिर्मया संदेष्ट्याला विहिरीत चिखलात टाकलंय हे त्याला कळतं. तो राजाकडे जातो, राजा दरवाजात बसलेला असताना, आणि म्हणतो, या लोकांनी वाईट केलं. झालं, बोलण्याचा भाग एवढाच, दोन ओळींचा. नंतर तो भांडाराखालच्या खोलीत जातो आणि जुन्या चिंध्या गोळा करतो. मग विहिरीच्या काठावरून यिर्मयाला सांगतो, या चिंध्या काखेत ठेव, दोरांच्या खाली. दोर काचू नये म्हणून. पवित्र शास्त्राने ही बारीक गोष्ट का लिहून ठेवली असेल? राजासमोर बोलणारे पुष्कळ असतात. चिंध्या कुणाला सुचतात? आणि चिंध्या ठेवल्या यिर्मयाने, स्वतःच्या हाताने. सांगितलं त्याने, केलं याने.

आता एक चिंधी. कानाचं मशीन. चार महिने दुरुस्तीला नसतं. बऱ्याचदा नुसता सेल संपलेला असतो किंवा नळीत मळ अडकलेला असतो. छोटे गोल सेल असतात, मागे रंगीत कागद चिकटवलेला. पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. कागद काढला की आत हवा जाते आणि सेल चालू होतो, मग वापरा न वापरा, तो उतरतच जातो. म्हणून कागद आधी काढून ठेवू नका, आणि काढल्यावर एखादा मिनिट थांबून मग बसवा. मशीन घरातच असेल तर त्याच्या झाकणात कुठला सेल बसतो ते बघा. चार्जिंगचं असेल तर चार्जर कुठे आहे ते विचारा. ऐकू आल्याशिवाय त्या बाईला काहीही विचारणं म्हणजे पुन्हा तिच्या डोक्यावरून बोलणंच.

---

बरनबा_७

मुखत्यारपत्र वगैरे म्हणजे शेवटी कोर्टातच जाणं आलं. माझं मत बदललेलं नाही. पण एकट्याने पुतण्याकडे जा म्हणालो ते मागे घेतो. वॉर्ड नंबर सहा यांचा मुद्दा पटला.

---

धर्मग्रामातली_एक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे तुमच्या समितीच्या रचनेबद्दल बोलत नाही. एकच भर घालते. आमच्याकडे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' हे फर्मान काढलं. ते लैंगिक अत्याचारांबद्दल आहे, तुमच्या प्रकरणाला थेट लागू नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी कुठेही उपयोगी पडाव्यात. एक, धर्मगुरू आणि संन्यस्त यांना कळलं तर वर कळवणं बंधनकारक, "मला वाटलं घरातली बाब" चालत नाही. दुसरी, जो कळवतो त्याच्यावर गप्प बसण्याची अट घालता येत नाही. तुम्हाला कुणी "आता हे बाहेर बोलू नका" असं लिहून द्यायला सांगितलं तर देऊ नका. अशी सही मी एकदा केली होती.

---

शब्बाथशाळेची_बाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

मशीन बिघडलेलं नव्हतं. मावशींच्याच कपाटातल्या खणात होतं, डबीत. सेल उतरलेला. तपकिरी. मी तीन प्रकारचे नेले होते, खुणांची भाषा यांचे आभार. पुतण्याची बायको खोलीतच होती. मी तिच्यासमोरच बसवला, लपवाछपवी केली नाही. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं दुरुस्तीला गेलंय." मला वाटतं ती खरं बोलत होती. हे "वाटलं" च्या पानावर लिहिलं आहे.

मग तीच म्हणाली, मी जरा बाहेर आहे, तुम्ही बसा. अर्धा तास मिळाला.

मी विचारलं, मावशी, तुम्हाला काय हवंय? त्या इतका वेळ गप्प राहिल्या की मी वचन सांगायच्या बेतात होते. वॉर्ड नंबर सहा आठवल्या, जीभ चावली. मग त्या म्हणाल्या, "त्याला घालवू नका. पेन्शन कुठे जाते ते मला कळू दे. आणि मला रविवारी यायचंय." बस. पोलीस नको, समिती नको, खडसावणं नको. मी डागांचं विचारलं तर म्हणाल्या, खुर्चीतून उठवताना तो ओढतो. मारतो का, विचारलं. "ओढतो," एवढंच पुन्हा म्हणाल्या. लिहून ठेवलं.

कागदाचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मुखत्यारपत्र असेल तर तुम्ही जिवंत आणि शहाण्या आहात तोवर ते रद्द करता येतं, असं मी आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारून गेले होते. ते सांगितल्यावर त्या हसल्या. "शहाणी आहे हे लिहून कोण देणार?" म्हणाल्या. तर त्यासाठी त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

पाळकसाहेबांना लेखी दिलं. आरोप म्हणून नाही. मावशींच्या तीन मागण्या, त्यांच्याच शब्दांत, खाली त्यांची सही. वाचून दाखवूनच घेतली. पाळकसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. प्रार्थना करू म्हणाले नाहीत, हो किंवा नाहीही म्हणाले नाहीत. प्रत वर पाठवली आहे, तेही त्यांना सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही. शब्बाथशाळेतून मला काढतील अशी कुजबुज माझ्यापर्यंत आली आहे. बघू.

रविवारी मावशी आल्या. पुतण्याच घेऊन आला, खांद्याला धरून, सगळ्यांदेखत. अर्पणाचा हिशेब नेहमीसारखा त्यानेच वाचला. मावशी पहिल्या बाकावर होत्या, मशीन लावून.

आता एक विचारायचंय, वॉर्ड नंबर सहा असतील तर. मंगळवारी मावशींना घेऊन बँकेत जायचं आहे. पुतण्याही येतो म्हणाला आहे. मॅनेजरशी त्या एकट्याच बोलतील, असं त्याला न दुखावता कसं जमवायचं?

---

वॉर्ड_नंबर_सहा

तुम्ही काहीच जमवू नका. आदल्या दिवशी बँकेत फोन करून सांगा की खातेदार बाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना एकटीनेच बोलायचं आहे. बाहेर थांबा हे मॅनेजरने सांगायचं, तुम्ही नाही, मावशींनी तर मुळीच नाही. आणि तुम्हीसुद्धा बाहेर थांबा, पुतण्याच्या शेजारच्या खुर्चीवर. दोघंही बाहेर असलात की त्याला बोलायला जागा उरत नाही.

एक जास्तीचा सेल त्यांच्या पर्समध्ये टाका. तपकिरी. कागद न काढता.